नवरा खरा, होम खोटा

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांना सगळ्यांचा संशय होता. नवरा इंग्लंडात गिरणीत कामाला. लग्न करून पंधरा दिवसांत परत गेला आणि मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत माहेरी व्हिसाची वाट बघत बसले. तेवढ्यात मुंबईच्या वकिलातीचं पत्र आलं: लग्नाच्या फोटोत होम दिसत नाही, हे लग्न खरं कशावरून? गल्लीला संशय, की त्यानं तिकडं मडम केली असणार. मला नवऱ्याचा संशय. आणि खरं सांगू? सिद्धेश्वराचाही. दर सोमवारी तळ्यातल्या देवळात जायची, पण हात जोडताना एक डोळा किलकिला ठेवायची, हा ऐकतोय की नाही ते बघायला.

आम्ही लिंगायत. आमच्या लग्नात होम नसतोच. पाच कळस मांडतात, त्यांना सूत गुंडाळतात, आमचे पुरोहित, म्हणजे जंगम, मंत्र म्हणतात, अक्षता पडतात. हे सरळ लिहून कळवायचं सोडून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, भलतीच युक्ती काढली. "सायबाला जाळ बघायचाय व्हय? दावू की जाळ!"

झालं! शेजारच्या जोशीकाकूंकडून होमाचं तांब्याचं कुंड आलं. मी पुन्हा शालू नेसले. नवरा सातासमुद्रापार, म्हणून बाशिंग बांधून, कॅमेऱ्याकडं पाठ करून कोण बसलं? माझा सख्खा थोरला भाऊ! "अप्पा, पाप लागंल की," तो कुरकुरला. "पाठमोऱ्याला कसलं पाप? गप बस," अप्पा म्हणाले. मला हसू येत होतं.

पण लाकूड काही पेटेना. घरातलंच वाळकं सरपण, वर तूप ओतलेलं, काड्यांच्या दोन पेट्या संपल्या, नुसता धूर. फोटोवाला खोकून बेजार. इतक्यात दारातून एक अनोळखी गृहस्थ धावत आले. "आग! आग!" ओरडत त्यांनी भरलेली घागर उचलली आणि आमच्या होमावर रिकामी केली. अप्पा भडकले, "कोन रं तू?"

गृहस्थांनी टोपी सारखी केली. "मी वकिलातीतून आलोय. चौकशीला." मग बाशिंगाकडं बोट दाखवून विचारलं, "हेच का यजमान?"

अप्पा "व्हय" म्हणणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही साहेब, हा माझा भाऊ. हे सगळं खोटं आहे. लग्न खरं आहे, पण त्यात होम नव्हता. आमच्यात नसतो. आता काय लिहायचं ते लिहा." आणि मी ओल्या सरपणापाशी बसून रडले.

ते पाय दुमडून खाली बसले. "खोटी लग्नं लावणाऱ्यांचे फोटो फार सुरेख असतात, बाई. तुमच्या पहिल्या फोटोत कळस आहेत, ते कसे मांडतात, सांगा बघू." जाताना त्यांनी गल्लीतल्या चार घरी विचारलं, जंगमांनाही भेटले. दोन महिन्यांनी व्हिसा आला.

वाळलेलं लाकूड का पेटलं नाही, मला माहीत नाही. पेटलं असतं तर ते गृहस्थ आत येईपर्यंत खोटा फोटो निघाला असता आणि मीही बहुधा खोटंच बोलले असते. निघण्याआधी देवळात गेले. काही मागितलं नाही. दोन्ही डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, मी तुझी परीक्षा घेत बसले होते, तू मात्र माझी लाज राखलीस. जे खरं आहे ते तुझ्या हवाली. त्याला सजवायची आता मला घाई नाही.