चार वाजून दहा मिनिटांची स्वॅप फाइल

आधीच सांगते, भुतंखेतं, संकेत वगैरे मी कधीच मानलं नाही. नोएडात सर्व्हर सांभाळायची नोकरी आहे माझी. काही बिघडलं की लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली नोंद, वाचायचा, कारण सापडतंच... एवढ्या एका गोष्टीचं सोडून.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेत, माझ्याकडेच सेक्टर एक्कावन्नमध्ये राहतात. आई गेल्यावर माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं त्यांना. त्यात मेमरी जेमतेम. ती भरली तर कामी यावी म्हणून डिस्कवर थोडी जादा जागा राखतात, तिला स्वॅप म्हणतात. मी ती ठेवलीच नाही. बाबांना कशाला लागतेय! शहाणपणा माझा.

बाबा त्यावर आईच्या आठवणी लिहीत होते. तीन आठवडे... आणि एकदाही सेव्ह न करता! ‘मसुदा फायनल झाल्याशिवाय फाइलला लावायचा नसतो,’ हा त्यांच्या ऑफिसचा नियम. रोज लिहून झालं की नुसतं झाकण मिटायचे.

एका रविवारी दुपारी त्यांनी हाक मारली. स्क्रीन गोठलेला, माउस हलेना, कमांड घेईना. मेमरी काठोकाठ भरली होती. बंद करून चालू करायचं, एवढाच उपाय – आणि तसं केलं की सगळं लिखाण गेलं. स्वतःचा इतका राग आला, बाबांकडे बघवेना.

“बाबा, बटण दाबावं लागेल.”

“अच्छा... थांब गं जरा. चहा होऊ दे.”

चहा घेतला. कप खाली ठेवतेय तोच डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. माउस हलला. मी आधी सेव्ह केलं, मग रडले, मग तपासलं. डिस्कवर दोन जीबीची स्वॅप फाइल होती, चालू. बनल्याची वेळ चार दहा – तेव्हा आम्ही दोघं तिथेच चहा पीत बसलो होतो. ती बनवायचा पासवर्ड फक्त मला माहीत. लॉगमध्ये अवाक्षर नाही. टीममधला मित्र म्हणाला, “यार, तूच बनवून विसरली असशील.” मी विसरलेले नाही.

संध्याकाळी मसुदा वाचला. पहिलं पान आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरचं. इंटरव्ह्यूला, उपचाराला, दिल्ली बघायला गावाकडून येणारा प्रत्येक जण आमच्याकडेच उतरायचा. घर गच्च भरलेलं असलं तरी आई म्हणायची, ‘येऊ द्या हो, करू जागा.’ आणि ती करायची.

बाबांना फाइलचं सांगितलं. “बिल्कुल समजलं नाही मला,” ते म्हणाले, “पण तुझी आई असताना आपल्या घरून कोणी परत गेलंय का?”

कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा. फाइल मात्र मी पुसणार नाही.