बोरमाळेसाठी घेतलेलं यंत्र

त्या आठवड्यात माझा ऑफिसात पाय ठरत नव्हता. पुण्याजवळ माणच्या आयटी पार्कात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या खोडी काढण्याचा पगार घेते. पण तेव्हा स्क्रीनवर कामाची एक खिडकी उघडी असायची आणि मेटल डिटेक्टरच्या अकरा. कुठलं यंत्र समुद्राच्या वाळूत चालतं, कुठलं शेतात, कुठल्याची चकती केवढी, कुठलं किती जड. दर दहा मिनिटांनी उठायचे, पाणी प्यायचे, परत येऊन तेच वाचायचे. शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "काय गं, खजिना काढतेस का?" मी हो म्हटलं. खोटं सुचत नव्हतं आणि खरं सांगायची लाज वाटत होती.

खरं असं होतं की माझ्या आईला गावानं चोर ठरवलं होतं.

आमचं गाव पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्यावरून आत. वरच्या आळीतल्या एका घरी आई बावीस वर्षं कामाला जायची. शेणगोठा, भांडी, लावणी, कापणी, पडेल ते. त्या घरच्या बाईंना मी काकी म्हणायचे, आई वैनी म्हणायची. काकींच्या नवऱ्याला अख्खं गावच अण्णा म्हणतं. एप्रिलच्या अखेरीला काकी माहेरच्या लग्नाला गेल्या, चार दिवसांनी आल्या आणि त्यांची सोन्याची बोरमाळ सापडेना. आपण ती कपाटातच ठेवली होती असं त्यांचं म्हणणं. "घरात दुसरं कोन येतंय?" एवढंच त्या बोलल्या, पण चार बायकांदेखत बोलल्या. पोलिसात दिलं नाही हेच उपकार समजा, असा अण्णांचा निरोप आला.

कामावर येऊ नको असं आईला कुणी म्हटलं नाही. नुसतं कुणी बोलवेना झालं. लावणीला आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायका गेल्या, आई घरी. पौर्णिमेला विहारात ती बसली तेव्हा शेजारच्या दोघींनी आपल्या पिशव्या उचलून मांडीवर घेतल्या. परक्यांचं मी समजू शकत होते, पण आपल्यांनी केलेलं ते मला आजही गिळता येत नाही. आई मात्र बोलायची नाही. घासलेली भांडी पुन्हा घासायची, दिवसातून तीनदा अंगण झाडायची. मी शनिवारी घरी गेले की ती एका जागी बसायची नाही, आणि तिला बघून मीही बसायचे नाही. दोघी आपल्या त्या दोन खोल्यांत घाण्याच्या बैलासारख्या फिरायचो.

भातं निघाल्यावर एका शनिवारी मी तिला म्हटलं, "मी यंत्र आणते. त्यांचं अंगण, परडं, विहिरीची वाट, सगळं पालथं घालते. माळ काढून त्यांच्या तोंडावर फेकते."

आई म्हणाली, "आन की. म्हंजे म्हनतील, बघा, लपवलेली आता काढून दिली. लेकीनं नाटक केलं."

एवढे दिवस मी डोकं चालवत होते आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मग आई चुलीपुढं बसली आणि तिनं सात महिने पोटात ठेवलेलं सांगितलं. गावाला जायचं असलं की काकी दागिना फडक्यात बांधून माळ्यावरच्या तुसाच्या पोत्यात खुपसायच्या. चोर कपाट फोडतो, तुसात हात घालत नाही, असा त्यांचा हिशोब, अण्णांनाही न सांगितलेला. आईनं एकदा त्यांना पोत्यातून गाठोडं काढताना पाहिलं होतं. त्या लग्नाच्या वेळी अण्णा गुरांसाठी मागं राहिले होते. राबाची वेळ होती. भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात तो राब. शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्या वर्षी गवत कमी पडलं म्हणून अण्णांनी आईला माळ्यावरची तुसाची तिन्ही पोती राबावर ओतायला सांगितली. तिनं ओतली, गाठोडं तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही. अण्णांनी काडी लावली.

"म्हणजे माळ राबात आहे?"

"नसंल तर कुटं जाईल? वैनी इसरली, दुसरं काय."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? की तुमची लपवायची जागा मला ठाव हाय? मग हात कुनाचा म्हनून इचारलं असतं, तवा काय सांगनार?"

मला तिचा इतका राग आला, आणि त्या रागात इतकं रडू आलं, की मी उठून बाहेर गेले. ती बरोबर होती. माळ सापडायला हवी होती, पण ती आम्हाला सापडून चालणार नव्हती. काकींच्याच हातानं, चारचौघांसमोर निघायला हवी होती. त्या दिवसापासून माझी यंत्राची निवडच बदलली. तोवर मी सगळ्यात खोल बघणारं यंत्र शोधत होते. आता मला साठीच्या बाईला उचलवेल असं हवं होतं.

पुण्यातल्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, बीच की जनरल ट्रेझर?"

"बीच," मी म्हटलं. ताम्हिणी उतरली की कोकण, त्यामुळं तेवढं खोटं शोभून गेलं.

त्यानं आधी मोठ्या चकतीचं काढलं. हे पुरलेला हंडा खोलवरून पकडतं, म्हणाला. पण लहान वस्तूला ते ढुंकूनही बघत नाही, असं विचारल्यावर कळलं. मग खास किनाऱ्याचं दाखवलं. ओल्या खाऱ्या वाळूवर साधी यंत्रं उगाच कोकलतात, हे शांत राहतं. वर यात नको ते गाळायची सोय, चिप्सच्या पाकिटाचा कागद, गुटख्याची पुडी, खिळे, कशावर म्हणजे कशावर वाजणार नाही. मी कानातला एक झुबा काढून काउंटरवर ठेवला. बोरमाळेच्या मण्यासारखाच तोही पातळ पत्र्याचा. दुकानदारानं चकती वरून फिरवली. यंत्र मुकं. पुन्हा फिरवली, मुकंच.

"पातळ सोनं त्याला कागदासारखंच वाटतं मॅडम," तो जरा ओशाळून म्हणाला. "कचरा गाळायला गेलं की कधीकधी सोनंही गळतं."

मी म्हटलं, मला गाळायचंच नाहीये, सगळा कचरा वाजू दे. शेवटी एक हलकं, लहान चकतीचं निघालं. वीतभर खोलीपलीकडं त्याला काही कळायचं नाही, पण झुब्यावर ते लहान पोरानं हट्ट धरावा तसं ओरडलं. दुकानदारानं खुशीत येऊन हेडफोन फुकट देऊ केला. मी नको म्हटलं. त्याला ते विचित्र वाटलं असणार. हेडफोन लावला की आवाज एकट्याच्याच कानात जातो, आणि मला तो सगळ्यांच्या कानात जायला हवा होता.

पुढच्या शनिवारी मी आमच्या अंगणात यंत्र फिरवायला लागले. मुद्दाम, लोकांच्या जायच्यायच्या वाटेवर. दोन खिळे आणि एक बाटलीचं बूच सापडलं. दुपारपर्यंत गावात गुप्तधनाची बातमी झाली. कोण म्हणे हिला हंडा लागला, कोण म्हणे पुण्याहून नकाशा आणलाय. सापडलेलं धन सरकारजमा होतं, असंही एका शहाण्यानं सांगितलं, आणि त्यामुळं सगळ्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः वस्तीच्या तोंडाशी आले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"आमच्या बी रानात फिरीव की. म्हातारी मानसं सांगायची, हाय म्हनून."

लोभाला मानपान नसतो. मी मान डोलावली आणि ऑफिसात शिकलेल्या गंभीर आवाजात अटी सांगितल्या. जमीन ज्याची, त्या घरच्या लक्ष्मीनंच यंत्र धरायचं, परका हात लागला तर धन सरकतं. अंगावरचं सोनं उतरून ठेवायचं, नाहीतर यंत्र त्याच्यावरच वाजतं. आणि सुरुवात भाजलेल्या जमिनीपासून. यातली दुसरी अट तेवढी खरी होती. अण्णांनी तिन्ही मानल्या.

आईला मी चल म्हटलं. ती नको नको करत होती, पण पदर खोचून माझ्या आधी बाहेर पडली. राबाच्या तुकड्याशी पोचलो तर बांधावर निम्मं गाव उभं. काकींनी पाटल्या आणि अंगठी काढून अण्णांच्या हातात दिली. मनगटात काचेच्या हिरव्या बांगड्या राहिल्या. मंगळसूत्र त्यांनी पोलक्यात खोचलं, जोडवी मात्र काढणार नाही म्हणाल्या. त्यामुळं चकती पायाशी आली की यंत्र ओरडायचं, बायका हसायच्या, आणि काकी यंत्र लांब धरून चालायच्या. आईकडं त्यांनी पाहिलं नाही. आई बांधाच्या टोकाला उभी होती, तिथंच चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं करत.

आधी मोडक्या विळ्याचा तुकडा निघाला. मग औषधाची रिकामी पट्टी. मग बराच वेळ काही नाही. जमीन दोनदा नांगरली होती, चिखलणी झाली होती, रोपं उपटून लावणीला गेली होती. मण्यांचं काय झालं असेल कोण जाणे. आईच चुकली असेल तर? बांधावरची माणसं कंटाळली, कुणीतरी तंबाखू मळायला घेतली. मी उगाच काकींना डावीकडं या, उजवीकडं या करत राहिले.

आणि यंत्र वाजलं. बारीक, पण स्पष्ट. काकी वाकल्या, खुरपीनं ढेकूळ फोडलं, बोटांनी माती चोळली. मी त्यांच्या खांद्याशी होते. चेपलेला, आतली लाख जळून गेलेला एक मणी. माती निघताच पिवळा झाला.

काकींनी तो ओळखला. तुसाचं पोतं, फडकं, सगळं त्यांना त्याच क्षणी आठवलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी मूठ मिटली आणि उभ्या राहिल्या.

"काय हाय?" अण्णा ओरडले.

"बूच हाय बाटलीचं," काकी म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. एरवी मी तिथंच आरडाओरडा केला असता. पण आठ वर्षं चुका पकडण्याचं काम केलं आहे, एकदा झालेली गोष्ट पुन्हा करून दाखवायची हे हाताला माहीत आहे. मी काकींच्या हातातून यंत्र घेतलं, त्यांच्या काचेच्या बांगड्या भरलेल्या मोकळ्या हातावरून चकती नेली. शांत. मिटलेल्या मुठीवरून नेली. यंत्र ओरडलं. पुन्हा मोकळा हात, पुन्हा मूठ. बांधावरचं हसणं थांबलं.

"बूच दाखवा की काकी," मी म्हटलं.

त्यांनी मूठ उघडली. अण्णांनी मणी उचलून उजेडात धरला, आणि त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. राबावर तूस त्यांनीच ओतायला लावलं होतं. ते घसा साफ करत म्हणाले, "चला, घावली म्हनायची. झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला कसं मिळंल?" आई बांधावरून खाली उतरली. "मला चोर म्हनला, तवा गंगा कुटं व्हती?"

आईचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काकी खाली बघत म्हणाल्या, "बाय, उद्यापासनं ये कामाला. इसर आता."

"कामाचं ऱ्हाऊ द्या. आधी म्हना. मी चोर न्हाई असं म्हना. नाव घेऊन म्हना, म्हंजे कुनाबद्दल बोलताय ते ह्यास्नी कळंल."

काकींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षं त्यांनी आईला माझ्या नावानं हाक मारली होती, अमकीची आई म्हणून. आईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी सांगितलं नाही.

आईनंच सांगितलं. तिच्या बापाचं, नवऱ्याचं, सगळं जोडून, सावकाश. काकींनी ते तिच्यामागं म्हटलं, मध्ये एकदा अडखळल्या, आईनं दुरुस्त केलं. पुन्हा म्हटलं. "हिनं माझी माळ घेतली न्हवती. मीच इसरले व्हते."

विहारात पिशवी उचलणाऱ्या दोघी तिथंच होत्या, त्यांनी माना वळवल्या.

अण्णा तेवढ्यात राबाच्या तुकड्याकडं बघत होते. "अगं पोरी," ते मला म्हणाले, "अजून लई मनी असतील की गं ह्यात. फिरीव जरा."

मी आईकडं पाहिलं. तिनं पदर झटकला.

"बंद कर ते," आई मला म्हणाली. "मशीन आपलं हाय. चल घरी."