सतरा रुपयांचं 'हाव'

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबायला नको. एका शब्दापायी मी भर लिलावात असा काही दिवा लावला, की अजून आठवलं की कान गरम होतात. शब्द केवढा? दोन अक्षरांचा. हाव!

पन्नासच्या पुढची सालं ती. मी पुण्याचा, नोकरीसाठी थेट गडचिरोलीच्या शाळेत जाऊन पडलेला. तेव्हा ते चांदा जिल्ह्यातलं लहानसं गाव, चहूबाजूंनी जंगल. माणसं वाईट नव्हती हो! पण मी तोंड उघडलं की दुकानदार हसायचा आणि तो बोलला की मी बावचळायचो. शाळा सुटली की खोली. खोलीत मी आणि स्टोव्ह. खोटं कशाला सांगू, मी स्टोव्हशी बोलायचो. उत्तर भरभरून द्यायचा बिचारा, पण रॉकेल असेपर्यंतच.

शेवटी शाळेच्या चपराशाला, गणपतभाऊला, माझी दया आली.

"मास्तर, तुमी गंज विचार करता जी, लय म्हणजे लय. इथी कोणी काई बी म्हणलं, त हाव म्हणाचं. माणूस खूश होते."

"हाव म्हणजे हो?"

"हाव!"

झालं! मी तो मंत्रच धरला. हाव म्हणत म्हणत आठवड्याभरात मी दोन बारशांना जेवलो आणि एका भांडणात साक्षीदारसुद्धा झालो. पण गप्पा? त्या कुणी मारेना. जेवून हात धुतले की पुन्हा खोली.

अशात कळलं, की लाकडाचा ठेका घेतलेला इंग्रज साहेब विलायतेला परत गेला आणि रविवारी त्याच्या सामानाचा लिलाव आहे. चांदीची भांडी, चिनी मातीच्या बरण्या, जुने फोटो. आता मला काय घ्यायचं होतं? चांदीची किटली? अहो, माझ्याकडे पितळेचीसुद्धा नव्हती! मी गेलो माणसांसाठी. गर्दी असेल, बाक असेल, बाकावर शेजारी असेल.

पोचलो तोवर चांदी गाठोड्यात बांधून नागपूरचे व्यापारी निघालेही होते. बरण्या पेंढ्यात गुंडाळल्या जात होत्या. उरले होते फोटो. बाकावर एक म्हातारा बसला होता. स्वच्छ धुतलेलं धोतर, मांडीवर तंबाखूची चंची, नजर समोर. मी शेजारी टेकलो.

आता तिथली लिलावाची पद्धत ऐका, मला ती फार उशिरा कळली. पुण्याच्या जुन्या बाजारात ज्याचा त्यानं आकडा ओरडायचा. इथे, मोहफुलं असोत की बांबू, आकडा लिलाववाला म्हणतो आणि विचारतो, "हाव?" ज्याला वस्तू हवी त्यानं नुसतं हाव म्हणायचं. आलं ना लक्षात?

फोटो वर धरला गेला. साहेब, बंदूक, पायाशी मेलेला वाघ आणि मागे बंगल्यावरचे नोकरचाकर रांगेत.

"दोन रुपये! हाव?"

"तुम्ही इथलेच का?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"हाव," म्हातारा म्हणाला.

अहाहा! चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला न हसता उत्तर दिलं.

"तीन! हाव?"

म्हातारा चमकून माझ्याकडे वळला. "तुमी मास्तर ना जी?"

"हाव!" मी खणखणीत म्हणालो. लिलाववाल्याची काठी आमच्या बाकाकडे वळली. मला वाटलं, म्हाताऱ्याकडे वळली.

"चार! हाव?"

"आज ऊन फार आहे नाही?" मी म्हणालो.

"हाव," म्हातारा. किती समजूतदार माणूस!

असं रंगत गेलं. तो हाव, मी हाव. मग त्यानं चंचीवर हात ठेवून हळूच विचारलं, "तुमाले बी पायजे का?"

तंबाखू मी जन्मात खाल्ली नव्हती. पण चार महिन्यांनी कुणीतरी काही देऊ करत होतं. नाही म्हणू? "हाव, हाव!" आकडा दोन पायऱ्या चढला, आणि म्हाताऱ्यानं चंची काही उघडली नाही.

सोळाला त्याचा आवाज अगदी खाली गेला. डोळ्यांत पाणी होतं. मला भरून आलं. हासुद्धा माझ्यासारखाच! "एकटेच असता का?" मी विचारलं. तो चंची चाचपू लागला. मग त्याच्या वतीनं मीच मान हलवून म्हणालो, "हाव."

"सतरा! एक, दोन, तीन! मास्तर, तुमचा!"

आणि मेलेला वाघ माझ्या मांडीवर आला.

"काऊन बोली चढवली जी तुमी मायावर?" म्हातारा म्हणाला. "त्या फोटूत माही बायको हाये, सगुणा. पाहा, त्या कोपऱ्यात, घागर घेऊन. मी बंगल्याचा माळी, ते पाणी भरे. मरून सा वर्स झाले. तिचा दुसरा फोटू नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, न्या हो, तुमचाच आहे हा!"

"नाई जी. साऱ्या गावासमोर बोली हारलो मी. देवाजी माळी फुकटाचं घेत नाई."

"मग सोळाला घ्या!"

"हारलेला माल घरी नेला त गाव काय म्हणन?"

अर्धा तास मी हात जोडत होतो. शेवटी तो म्हणाला, "तुमी भितीले लावा. मी येत जाईन पाह्याले."

लाज वाटली, खरंच. पण मनात, देवाशपथ, उकळ्या फुटल्या. माझ्या खोलीत माणूस येणार होता!

देवाजीभाऊ रोज चार वाजता यायचा. मी चहा टाकायचो. तो फोटोसमोर बसून बोलायचा: भाताच्या रोवणीला मजूर नाहीत, म्हैस आटली, धाकट्या लेकीला दिवस गेलेत. मीही मोकळा सुटलो. म्हशीवर सल्ले दिले, धाकटीच्या मुलाचं नाव सुचवलं, पुण्यातली सगळी गाऱ्हाणी सांगितली. आईला पत्र लिहिलं, 'इथे मला एक जिवाभावाचा मित्र मिळाला, आता काळजी करू नकोस.' पत्र लिहिताना रडलो, सांगायला लाज कसली!

पंधराव्या दिवशी मी म्हशीला मेथी घालायला सांगत होतो. देवाजीभाऊनं भिंतीवरून नजर काढली आणि फार मायेनं म्हणाला,

"मास्तर, राग नका मानू जी. उलसाक चूप बसता का? मी सगुणाशी बोलून राह्यलो."

"आज?"

"पयल्या दिवसापासून."

मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत देवाजीभाऊ पुन्हा धाकटीबद्दल सांगू लागला. खोलीचं भाडं माझं, चहा माझा, फोटोचे सतरा रुपये माझे. आणि तिथे अडचण कुणाची होत होती, तर माझीच!