अंकलची निघायची तयारी

जगाच्या शेवटाची इतक्या आनंदाने वाट बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमचे वाकोल्याचे घरमालक अंकल कायम निघायच्या तयारीत असायचे. म्हातारपणी जुनं चर्च सोडून त्यांनी एक नवी प्रार्थनामंडळी धरली होती. तिथे त्यांना पक्कं सांगितलेलं, की येशू येणार, विश्वास ठेवणाऱ्यांना जिवंत उचलून वर नेणार आणि उरलेल्यांची इथे वाट लागणार. कधी? तर आज, उद्या, हातातला चहा निवायच्या आत. म्हणून अंकल घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसत आणि आंघोळ तीन तांब्यांत उरकत. 'न्हाणीत असताना बोलावणं आलं तर कसं दिसेल ते?' असं मलाच विचारायचे. गळकं छप्पर दाखवलं की म्हणत, 'आता कसली कौलं बदलतोस? थोडा दम धर ना.' थोडा म्हणता म्हणता आम्ही दोन पावसाळे बादल्या मांडून काढले.

आंटी मात्र जुन्याच चर्चच्या. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार, सगळ्यांचा न्याय एकदम होणार, मधेच कोणाला उचलून न्यायची भानगड नाही, आणि तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं. उन्हाळ्यात आंटी वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत भरायला बसल्या, की अंकल कळवळायचे. 'एवढ्या बाटल्या कशाला गं? तो त्या संपायच्या आत येईल.'

'आला तर जेवून जाईल,' म्हणत आंटी पुढची बाटली ओढायच्या.

आम्ही हसायचो. पण अंकलना आतून एकच घोर लागला होता, की आपण वर जाऊ आणि ही एकटी मागे राहील. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, 'मी गेल्यावर हिच्याकडे बघशील ना? गुडघे दुखतात तिचे, विहिरीचं पाणी ओढवत नाही. तू काय, नक्की इथेच असणार.' उरलेल्यांत माझी रवानगी इतक्या मायेने ठरवलेली पाहून मला नाही म्हणवेना.

एका रविवारी सकाळी दूध घेऊन आलो, तर अंकल पायरीवर बसलेले, चक्क नुसत्या ओल्या पंचावर. डोळ्यांना धार लागलेली आणि चेहरा उजळलेला. 'ती गेली रे,' म्हणाले. 'न्हाणीतून आलो तर चहा उकळतोय, चपला दारात, हाक मारली तर ओ नाही. तिला नेलं. मी राहिलो.'

'अंकल, शेजारी बघितलंत का?'

'बघायचं काय त्यात? मी उगीच घाबरत होतो तिच्यासाठी. बरं झालं. खूप बरं झालं.'

तेवढ्यात मागच्या परसातून आंटी आल्या, अनवाणी, पळालेली कोंबडी काखेत धरून. अंकल बघतच राहिले आणि मग भडकले. 'तू परत कशाला आलीस?' आंटींना काही कळेना. अंकलनी त्यांचा हात घट्ट धरला, कोंबडी पुन्हा सुटली, आणि ती धरायला मीच धावलो.

दोघांची मतं शेवटपर्यंत तीच राहिली. आता दोघंही नाहीत, आणि खरं कोणाचं ठरलं ते मला कोण सांगणार? पण त्या रविवारनंतर अंकलची प्रार्थना बदलली होती. मधल्या पातळ भिंतीतून मला रोज ऐकू यायची. 'प्रभू, लवकर ये. पण हिला नेणार नसशील, तर मलाही इथेच राहू दे.'