चाखायचा घास

टोकावड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या वाडीत कमळबाई अंगणवाडी सेविका आहेत. अंगानं चांगल्या ऐसपैस. धाकट्याच्या बाळंतपणात वजन वाढलं ते उतरायचं नाव घेईना. आळस मात्र नावाला नाही. धसईहून बस धरायची आणि वाडीचा चढ रोज पायी चढायचा. पण लोकांना तो चढ दिसत नाही, बाईंचं पोट तेवढं दिसतं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्याला पोषण आहाराचा कार्यक्रम झाला. कमळबाईंचा सत्कार होता. त्या स्टेजच्या पायऱ्या चढू लागल्या तसा माइकवरचा निवेदक म्हणाला, "स्टेज सांभाळा हो! पोरांचा खाऊ जातो कुठं ते आज कळलं." हॉल खदखदून हसला. कमळबाईही हसल्या. न हसून करतात काय? सिनेमात जाड बाई येते ती खुर्ची मोडायलाच, आणि खऱ्या आयुष्यात तिनं वाईट वाटून घेतलं तर तीच चिडकी ठरते. निवेदक स्वतः किडकिडीत. जाताना दोन ताटं चापून गेला, त्याची मोजदाद कुणी केली नाही.

कुणीतरी त्या सत्काराचा व्हिडिओ काढला, त्याला कार्टूनचं संगीत जोडलं आणि तो फिरत फिरत वाडीत पोचला. मग अंगणवाडीच्या दारातनं आवाज येऊ लागले, "बाई, पोरांना खिचडी ठेवली का थोडी?" म्हणणारे मस्करीतच म्हणत. बाईंच्या मात्र ते मनाला फार लागलं.

पोरांना वाढण्याआधी सेविकेनं खिचडी चाखायची, अशी रीत असते. पूर्वी कमळबाई उंबऱ्यावर बसून सगळ्यांदेखत घास खायच्या. आता त्यांनी ते बंदच केलं. मदतनीस रंजिताला म्हणायच्या, "तूच चाख गो."

श्रावणातल्या एका सोमवारी रंजिताचा उपवास होता. ती खिचडीत मीठ घालून पाण्याला गेली. मीठ राहिलं असेल म्हणून बाईंनी पुन्हा घातलं. रंजिता चाखू शकत नव्हती आणि बाई चाखेनात. खिचडी तशीच ताटात गेली. पहिल्याच घासाला पोरांनी तोंडं वाकडी केली. वाडीतल्या भागीची पोर अक्षदा वजनात सगळ्यात कमी. बाई तिच्या मागे महिनोन्‌महिने लागल्या होत्या, आता कुठं ती पोटभर खायला लागली होती. तिनं ताट ढकललं आणि रडत घरी गेली.

थोड्या वेळानं भागी तिला कडेवर घेऊन आली, मागोमाग सासू सकुबाई. शेजारणीही जमल्या.

"चांगलं तुमी खाता नि आमच्या पोरांना खारट?" भागी ओरडली. "उद्यापासून नाय पाठवायची मी पोरीला!"

पोर घरी बसली तर पुन्हा वाळणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"खाल्लं असतं तर कळलं नसतं का गो मला?" त्या म्हणाल्या. "चाखलीच नाय मी. घास उचलला की तुमी सगळ्या माझ्या तोंडाकडं बघता. तो व्हिडिओ आल्यापासून या वाडीत मी पाण्याशिवाय काय घेतलं नाय." आणि त्या रडू लागल्या.

तो व्हिडिओ भागीनंच हौसेनं बहिणीला पाठवला होता.

"मीबी हसले होते, बाई," ती खाली मान घालून म्हणाली.

सकुबाईनं रंजिताला दुसरं आधण ठेवायला लावलं. खिचडी शिजली तशी म्हातारीनं पहिलं ताट भरून बाईंपुढं ठेवलं.

"चाखायला घासभर पुरे की," बाई म्हणाल्या.

"चाख नाय म्हटलं. जेव."

सगळ्या बघत होत्या. पहिला घास गिळताना बाईंना ठसका लागला, दुसरा सरळ गेला. भागीच्या कडेवरनं उतरून अक्षदाही आपलं ताट घेऊन पुढ्यात बसली आणि खाऊ लागली. कुणी हसलं नाही.

ताट रिकामं झालं. बाईंनी क्षणभर ताटाकडं पाहिलं, मग ते भागीपुढं केलं.

"आणखी वाढ गो," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "भूक लागलीय मला."