दोन पेडलांचा ट्रक

पेणच्या खाडीकाठी तेव्हा ट्रक मोजकेच होते, आणि त्यांच्या पोटात हात घालणारा मिस्त्री मी एकटा. मुंबईच्या गॅरेजात दीड वर्ष हात काळे करून आलो होतो. मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती मी गावाच्याही गळी उतरवली होती. पंचविशीत मी जेवढा शहाणा होतो, तेवढा नंतर कधीच झालो नाही.

मिठागराच्या शेटनी लष्करी लिलावातून एक जुना अमेरिकन ट्रक आणला. मी रुबाबात आत चढलो, पाय टेकवले आणि दचकलो. पेडल दोनच! ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. मी खाली वाकून क्लच शोधला, अगदी सीटखालीसुद्धा. नव्हताच. एक दांडा पुढे सरकवायचा आणि निघायचं. गिअर गाडी आपले आपण बदलणार. आत कुणी माणूस बसलाय की काय, म्हणून मी बॉनेटला कान लावला होता. आज हसा खुशाल, पण तेव्हा अंगावर काटा आला होता.

हा ट्रक चालवायचा कोणी, हे ठरलेलंच होतं. शेटच्या जुन्या ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर मिठाच्या पोत्यांची थप्पी कोसळली होती. पाय वाचला, पण वासा झाला, वाकेचना. क्लच दाबणार कशाने? दोन वर्षं तो बांधावर बसून पोती शिवत होता. साऱ्या कुलाबा जिल्ह्यात त्याला चालवता येईल अशी ही एकच गाडी. पहिल्या दिवशी तो डावा पाय लांब सोडून सीटवर बसला, तेव्हा पालखीत बसल्यासारखा दिसत होता.

तीन वर्षं ट्रक गुणी मुलासारखा चालला. मग बिनसलं. सकाळी रिकामा ठीक चालायचा; पण पोती भरून मिठागरातून रस्त्याचा चढ लागला की इंजिन डरकाळ्या फोडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मी कार्बोरेटर धुतला. प्लग बदलले. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी रोज काढून बघितली, रोज तेल काठोकाठ. गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकाची निम्मी पानं उंदरांनी खाल्ली होती. उरलेल्या निम्म्यांचा अर्थ मी ऐटीत मान डोलावून लावला. शेवटी जाहीर केलं, "आतल्या प्लेटी गेल्या. त्या अमेरिकेतच मिळतात."

शेटनी मुंबईच्या भंगारवाल्याला निरोप धाडला.

तो यायचा त्या दिवशी दुपारी मी मिठागरावर गेलो. ड्रायव्हर ट्रक धूत होता. मला बघून म्हणाला, "या मिस्त्री. भंगारात देताना तरी चकचकीत असू दे." बोलणं हसत, पण नजर चाकावर. चाकाशेजारी पोती शिवायचा दाभण पडला होता. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी पट्टी ओढली. तेल काठोकाठ.

त्याची बायको मिठाची पाटी उतरवून तिथेच टेकली होती. तिने विचारलं, "मिस्त्री, यो बंद ठेवूनच मोजता व्हय?"

"वहिनी, तेल गाडी बंद करूनच मोजतात. सगळ्या जगात."

"सगल्या जगाच्या गाडीला तीन पेडल. हिला दोन. मंग मोजनंच तेवढं जगासारखं का?"

ड्रायव्हर खुसखुसला. मी विद्वानासारखा खाकरलो.

तिने तलावाकडे हात केला. भरतीचं पाणी त्यात साठवतात आणि उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी वर करून वाफ्यांत सोडतात. "फली बंद हाय तवर तलाव भरलेलाच दिसतो. पानी पुरंल का न्हाय, ते फली उघडून शेवटच्या वाफ्यावर जाऊन बघावं लागतं. तुमी तं तलाव बघूनच घरी जाता."

मी हातातल्या पट्टीकडे बघितलं. इंजिन बंद झालं की गिअरबॉक्सभर फिरणारं तेल खालच्या पेटीत परत उतरत असणार. मी रोज तेच मोजत होतो!

"दादा, चालू करा!"

इंजिन सुरू झालं. ब्रेक दाबून दांडा पुढेमागे फिरवला. इंजिन चालू असतानाच मी पट्टी ओढली. टोकापर्यंत कोरडी. खाली शिरून बघतो, तर पेटीच्या नटातून थेंब थेंब गळत होतं. मिठागरातल्या ओल्या जमिनीवर ते कोणाला दिसणार?

चामड्याचा वायसर कापून बसवला. डब्यामागून डबा ओतला, पट्टी ओली होईपर्यंत. मग पोती भरलेला तो ट्रक चढाला लागला. लोखंडाला लोखंड धरत नव्हतं. मधे नुसतं तेल फिरत होतं, आणि त्या तेलाच्या जोरावर एवढं मीठ रस्त्यावर चढलं. इतकी वर्षं लोटली, पण मी ते पुन्हा सांगताना आवाज खाली आणतो.

शेट भंगारवाल्याला घेऊन आले तेव्हा ट्रक वर रस्त्यावर उभा, आणि सीटवर ड्रायव्हर, पुन्हा पालखीत. "शाबास मिस्त्री!" शेट म्हणाले. मी ती शाबासकी घेतली. खोटं कशाला सांगू, छाती फुगवून घेतली. मग वहिनींनी पाटी उचलता उचलता नुसतं माझ्याकडे बघितलं.

"शेट," मी म्हणालो, "माझं निदान चुकलं होतं. रोग यांनी ओळखला."

भंगारवाला रिकाम्या हाताने, त्याच ट्रकमधल्या पोत्यांवर बसून पनवेलपर्यंत गेला. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर मला पट्टीला हात लावू देईना. सकाळी इंजिन चालू करून तो बायकोला हाक मारायचा, ती पट्टी काढायची, उन्हात धरून बघायची आणि कमी वाटलं की म्हणायची, "ओता."

तेलाचा डबा मात्र मला धरू द्यायचे.