समुद्रातलं दसऱ्याचं धुणं

"माझी पांघरुणं समुद्रात का आहेत?"

हा प्रश्न मोबाईलमधली भाषांतर करणारी बाई विचारत होती, स्वच्छ मराठीत, रेडिओवर शेतकऱ्यांना हवामान सांगावं तितक्या गोडीनं. मोबाईल ज्याच्या हातात होता तो हॉटेलचा मालक मात्र त्याच्या तुर्की भाषेत असा ओरडत होता, की किनाऱ्यावरचे पक्षी उठून शेजारच्या देशात गेले. तो एका दमात ओरडायचा, मग मोबाईल आमच्यापुढं धरायचा, मग बाई गोड बोलायची, तेवढ्यात तो पुढचा श्वास भरून घ्यायचा. आणि गुडघाभर पाण्यात, साडी वर खोचून, माझी बायको वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट गोल धोंड्यांवर आपटत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्येला म्हनावं वरडू नको. झालंच," ती म्हणाली.

झालं नव्हतं. गावात सांगताना मी चाळीस ब्लँकेटं सांगतो. इथं लिहायचं आहे म्हणून खरं सांगतो, अकरा होती. दोन आमच्या पलंगावरची, दोन कपाटातली, आणि सात तिनं जिन्यातल्या उघड्या कपाटातून उचललेली. मी खाली न्याहारीला बसलो होतो. जरा जास्तच बसलो, कबूल आहे. काळी आंबूस ऑलिव्हची फळं, काकडी, पांढरं चीज आणि बोटाएवढ्या पेल्यात बिनदुधाचा चहा. त्या पेल्यातून आपल्याकडच्या एका कपाएवढा चहा प्यायचा तर दुपार होते.

लोक मला विचारतात, भोरजवळच्या उत्रोलीच्या माणसाला समुद्र बघायला तुर्कस्तान कशाला लागतं? वरंध घाट उतरला की महाड, महाडच्या पुढं समुद्रच समुद्र. मी सांगतो, घाट दरडीनं बंद होता, म्हणून जरा लांबून गेलो.

खरं कारण बायकोची झोप. लावणीच्या दिवसांत ती खाचरातल्या चिखलात उभ्या उभ्या कोसळली. भोरला नेलं. रक्त काढलं, फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "यांना रोग काही नाही, झोप नाही. कधीपासून झोपल्या नाहीत?" मी म्हटलं, "लग्न झाल्यापासनं." त्यांना ती चेष्टा वाटली. पण ती आडवी व्हायची ती नुसती पाठ टेकायला. गोठ्यात म्हशीनं शेपूट हलवलं की ही उठून बसणार. पावसाचा थेंब पत्र्यावर पडायच्या आत हिनं वाळवण आत घेतलेलं असायचं. डॉक्टर म्हणाले, "घर डोळ्यापुढं आहे तोवर ह्या झोपायच्या नाहीत. चार दिवस दुसरीकडं न्या." त्यांच्या मनात एखाद्या बहिणीचं घर असेल. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या आमच्या पोराला लांबचंच ऐकू येतं. त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं, हंगाम उतरणीला लागलेलं एक स्वस्तातलं हॉटेल शोधलं, आणि मला अंगणात घेऊन दम दिला.

"आप्पा, आईला इकडची काडी तिकडं करू द्यायची नाही. येताना ती झोपून आली पाहिजे."

"तू काय काळजी करतो? हातपाय बांधून झोपवतो."

मी शब्द दिला. माझ्या बोलण्यात निम्मं दूध आणि निम्मं पाणी असतं, असं बायको म्हणते. दुधाचा अंदाज तिनं जरा जास्तच धरलाय.

पंचाईत तिथीची होती. पोरगं म्हणालं, तुर्कस्तानात पितृपंधरवडा नसतो, निघा. आम्ही माझ्या वडलांचा म्हाळ घातला आणि दुसऱ्या दिवशी निघालो. परत यायचं ते घट बसायच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे दसऱ्याचं धुणं राहणार. आमच्याकडं घट बसायच्या आत घरातली प्रत्येक गोधडी, वाकळ, चादर नीरा नदीवर नेऊन धुवायची, धोंड्यांवर वाळवायची. हे झाल्याशिवाय देवाला कोणत्या तोंडानं बसवायचं? त्यातून बायकोचं माहेर वेल्ह्याकडचं. तिकडं श्रावणात गोधडी धुतली तर शिमग्याला वाळते. त्यामुळं ऊन दिसलं की तिकडच्या बायका नवऱ्यालासुद्धा धुऊन दोरीवर टाकतात.

"आई, मी येऊन मशीनला लावते सगळं," सून म्हणाली.

"चार थरांची गोधडी? मग मशिनीचाबी म्हाळ घालावा लागंल," बायको म्हणाली.

विषय मिटला. पण धुणं काही मिटलं नाही. ते तिच्या डोक्यावर बसून विमानात चढलं.

हॉटेल कसं होतं म्हणाल, तर भिंती इतक्या पातळ की शेजारच्या खोलीतल्यानं कूस बदलली की आमचा पलंग सरकायचा. लिफ्टमध्ये दीड माणूस मावायचा. आम्ही दोघं शिरलो की ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबून विचार करायची. खोलीतून समुद्र दिसतो असं पोरानं वाचलं होतं. दिसायचा, पण गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभं राहून, मान डावीकडं मोडून. आणि पांघरुणांना कोंदट वास. खरं सांगायचं तर वास फार नव्हता. मी पहिल्या रात्री पडल्या पडल्या घोरलो. ती मात्र पलंगाच्या कडेला, पाठीवरून पदर लपेटून बसून राहिली. एक, दोन, तीन रात्री. दिवसा मी तिला समुद्रावर नेऊन बसवायचो, "झोप जरा," म्हणायचो. ती म्हणायची, "कशाव झोपू?" डोळ्यांखाली काजळ पसरल्यासारखं झालं होतं. मलाही तिच्याकडं बघून बघून थकवा आला. माणसाला झोप येत नसली तर दुसऱ्यानं काय करायचं असतं, हे कुणी शिकवलेलं नाही. मी आपला चहा प्यायचो.

त्या किनाऱ्याला वाळू नव्हती, गोटे होते. गुळगुळीत, गोल, नीरेच्या पात्रात असतात तसे. चौथ्या दिवशी सकाळी तिनं ते गोटे पाहिले, ऊन पाहिलं, एवढं पाणी फुकट चाललेलं पाहिलं, आणि साबणाची वडी घेऊन उतरली. अकरा ब्लँकेटं तिनं कशी नेली हे मी विचारलं नाही. भाताचे भारे वाहिलेल्या बाईला असलं विचारायचं नसतं.

मालकानं पुन्हा मोबाईल पुढं केला. बाई म्हणाली, "कृपया आजच खोली रिकामी करा."

दोन दिवस उरले होते. या बाईला घेऊन मी कुठल्या बाकड्यावर बसणार होतो? आणि पोराला काय सांगणार, की आईला झोपवायला नेलं आणि रस्त्यावर आणून ठेवली?

"अगं, बाहेर ये. त्यो हाकलतोय आपल्याला."

"साबनाला फेसच येईना," ती म्हणाली. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. वडी निम्मी झिजली होती आणि ब्लँकेटावर नुसता चिकट पांढरा राप चढला होता. वाघ आजारी दिसायला लागला होता.

अशा वेळी देवानं मला एकच अवजार दिलंय. मी मालकाच्या हातातला मोबाईल घेतला आणि शांतपणे म्हणालो, "मालक, तुम्ही रागावलात, कारण तुम्हाला आमच्या मुलखाची चाल माहीत नाही. दसऱ्याआधी आम्ही ज्याच्या घरी उतरतो, त्याची पांघरुणं पाहुणीनं स्वतःच्या हातानं धुवायची असतात. त्या घरात वर्षभर बरकत राहते."

अशी चाल भोरात नाही, वेल्ह्यात नाही, त्रिभुवनात नाही.

मोबाईल त्याचं भाषांतर करायला घेणार, तोच मालकाच्या मागून आवाज आला, "बेरेकेत?" मालकाची आई. डोक्याला पांढरा रुमाल, ढगळ फुलाफुलांची विजार. रोज हॉटेलच्या दारात शेंगा निवडत बसायची. बरकत हा शब्द तिकडंही चालतो, हे मला काय ठाऊक. म्हातारी लेकाला बाजूला सारून पुढं आली, एका ब्लँकेटाचा कोपरा पिळला, जीभ लावली आणि थुंकली. मग मोबाईलकडं तोंड करून काही बोलली. बाई म्हणाली, "मीठ निघाल्याशिवाय हे कधीच वाळणार नाही."

बायकोनं वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. मग म्हणाली, "व्हय की. आपल्या नदीला मीठ कुठं असतंय?"

म्हातारीनं आम्हाला खोलीबाहेर काढलं नाही. हॉटेलच्या गच्चीवर नेलं. तिथं गोड्या पाण्याचा नळ होता, रबरी पाईप होता, आणि गाय पोहेल एवढा टब होता. मला वाटलं, अकरा खळबळायची आणि सुटायचं. पण थापेचं एक असतं, ती समोरच्याला पटली की आपल्याला फेडावी लागते. म्हातारीला अकरा पांघरुणांची बरकत नको होती, आख्ख्या हॉटेलची हवी होती. चोवीस खोल्या. मालक तोंड पाडून जिन्यानं गठ्ठे वर आणत होता, कारण लिफ्ट विचार करत होती.

"आता का थांबला?" बायको मला म्हणाली. "लावा की बरकत."

मी टबात उतरलो आणि तुडवायला लागलो. दोन तास तुडवलं. गावात मी दोन दिवस सांगतो, पण पोटऱ्यांना विचाराल तर पोटऱ्या आठवडा सांगतील. बायको एका टोकाला, म्हातारी दुसऱ्या टोकाला, मध्ये ब्लँकेटाचा पीळ. दोघींमध्ये मोबाईल नव्हता. बायको म्हणायची, "हान, वढा, अजून," आणि म्हातारी ओढायची. एकदा म्हातारीनं "सबून" म्हणून हात पुढं केला, तर हिनं वडी दिलीसुद्धा. मी पोराला काय शब्द दिला होता, तो आठवून तुडवत होतो.

तीन वाजता गच्चीचा कठडा, दोऱ्या, पाण्याच्या टाक्या, सगळं वाघांनी आणि गुलाबांनी भरलं. ऊन कडक होतं, वारा सुटला होता. पहिली चार वाळली तशी बायकोनं ती नाकाला लावली, घडी घातली, एकावर एक रचली आणि हात फिरवून बघायला त्यांच्यावर टेकली.

"घरची मातुर ऱ्हायलीच," ती म्हणाली. "गेल्या गेल्या न्यायला..."

पुढचं वाक्य आलंच नाही. मी वाट पाहिली. मग वाकून बघितलं. तोंड किंचित उघडं, पायाला साबण, एक हात ब्लँकेटाच्या घडीत. एकतीस वर्षांच्या संसारात मी तिला दिवसाउजेडी झोपलेली पहिल्यांदा पाहत होतो. मी हललो नाही. मलाही चालायची ताकद नव्हती, पण ते कारण नव्हतं. म्हातारीनं एक ओली चादर उचलली आणि तिच्या तोंडावर ऊन येणार नाही अशी दोरीवर टाकली. मालक जिन्यातून आणखी काही बोलायला आला, तर आईनं त्याला नुसत्या बोटानं परत पाठवला.

उन्हं उतरली तशी आम्ही तिला धरून खाली आणली. डोळे न उघडता ती चालली, धुतलेल्या पांघरुणात शिरली आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारी संपल्यावर उठली. घोरली का? मालकानं दोनदा लिफ्ट तपासायला माणूस बोलावला.

दुपारी पोराचा व्हिडिओ कॉल आला. धुण्यानं सोललेले तिचे हात दिसू नयेत म्हणून मी मोबाईल वर धरला.

"आई, झोपलीस का?"

"झोपले."

"किती वेळ?"

"झोपल्याव कसं कळंल?"

पोराचा चेहरा उजळला. गाडीत शेजारी बसलेल्या सुनेकडं बघून त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "आणि समुद्र? एवढ्या लांब गेलीस, समुद्रात उतरलीस का नाही? कसा आहे?"

बायकोनं माझ्या खांद्यावरून गॅलरीकडं पाहिलं. खुर्चीवर न चढता तिथून समुद्र दिसत नाही.

"फेस येत न्हाई त्येला," ती म्हणाली.